हिमगौरी आणि सात बुटके (१९३७): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमकं कोणत्या चित्रपटाबद्दल आहे?

वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनं काढलेल्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’बद्दल. पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये झाला. लांबी ८३ मिनिटं. मुख्य दिग्दर्शक डेव्हिड हँड. आपल्याकडे गोष्टीच्या पुस्तकांतून ही मुलगी हिमगौरी म्हणून घरोघर माहीत आहे, म्हणून इथेही तिला हिमगौरीच म्हटलं आहे. बुटक्यांची नावं मात्र चित्रपटातलीच ठेवली आहेत.

जगातला पहिला अ‍ॅनिमेशन चित्रपट हाच ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानीनं १९१७ मध्येच पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट केला होता, पण त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीनं कापून, त्या फ्रेम-फ्रेमनं सरकवून १९२६ मध्ये राजपुत्र अखमदची गोष्ट पडद्यावर आणली. आज पाहता येणारा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट तोच. ‘हिमगौरी’ पहिली ठरते ती पारदर्शक सेलवर (सेल म्हणजे सेल्युलॉइडचा पातळ पत्रा) रंगवलेल्या, बोलत्या आणि संपूर्ण रंगीत अमेरिकी चित्रपटांत. तेवढा मानही काही थोडाथोडका नाही. पण हा चित्रपट आजही बघितला जातो त्याचं कारण त्याचा नंबर नव्हे.

मग कारण काय? एवढा जुना चित्रपट आज कशासाठी बघायचा?

हे वाचणारे बरेच जण ‘राजपुत्र येतो, चुंबन घेतो, सुखानं नांदू लागतात’ एवढंच लक्षात ठेवून आलेले असतात. राजपुत्र खरं तर या चित्रपटाची सगळ्यात कच्ची बाजू. देखण्या, धीरगंभीर तरुणाची हालचाल काढणं स्टुडिओतल्या लोकांना इतकं अवघड गेलं की त्याचं काम कापत कापत सुरुवातीला आणि शेवटी, एवढंच शिल्लक राहिलं. म्हणजे ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगितली जाते असं वाटतं, तोच त्यात जवळजवळ नाही.

माझ्या मते हा चित्रपट टिकला तो बुटक्यांच्या शोकामुळे. हिमगौरी निपचित पडली आहे, उशापायथ्याशी मेणबत्त्या जळताहेत आणि सातही जण गप्प उभे आहेत. कुणी छाती पिटत नाही, कुणी गाणं म्हणत नाही. जवळजवळ काहीच हलत नाही. डोळ्यांतून एक थेंब ओघळतो, टोपी हातात चुरगळली जाते. सबंध चित्रपटभर तिच्या नावानं बोटं मोडणारा चिडका बुटका ग्रम्पी तोंड फिरवून हुंदके देतो. हा प्रसंग फ्रँक थॉमस या तरुण अ‍ॅनिमेटरनं काढला. तोपर्यंत कार्टून म्हणजे धावपळ, आपटाआपटी, हवेत पाय टाकल्यावर उशिरा कळणारी गुरुत्वाकर्षणाची गंमत. थॉमसनं माणसं स्तब्ध ठेवली आणि पहिल्या खेळाला आलेलं हॉलीवूड ढसाढसा रडलं. कागदावरच्या रेघांसाठी मोठी माणसं रडतात, हे त्या रात्री पहिल्यांदा सिद्ध झालं.

आणि ते रडू फुकटात आलेलं नाही. त्याआधी तासभर ही माणसं हात धुताना, सूर धरताना, उशीसाठी भांडताना आपण पाहिलेली असतात. चित्रपटाला घाई नाही. आज मुलांसाठी जे बनतं त्यात दर काही सेकंदांनी काहीतरी फुटावं लागतं. इथे एका बुटक्याला साबण लावायला अख्खा प्रसंग दिला आहे.

‘हातानं काढलेला’ म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो. ८३ मिनिटांचा हिशोब मांडला तर फ्रेम भरतात सुमारे १ लाख २० हजार. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतंच असं नाही, बऱ्याच ठिकाणी एक चित्र दोन फ्रेम चालवतात. पण एका फ्रेममध्ये हिमगौरी, चार बुटके आणि सोबत हरणं-ससे असले की प्रत्येकाचं चित्र वेगळं. त्यामुळे कागदांची संख्या फ्रेमच्या कितीतरी पुढे जाते.

काम असं चालायचं. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतले महत्त्वाचे क्षण पेन्सिलीनं काढणार. मधली चित्रं त्याचे साहाय्यक भरणार. ती पेन्सिलची चित्रं कॅमेऱ्याखाली धरून चाचणी व्हायची, वॉल्ट ती बघायचा आणि पुष्कळदा परत पाठवायचा. मंजूर झालेलं चित्र मग इंक अँड पेंट विभागात जायचं. तिथे ते पारदर्शक सेलवर शाईनं उतरवायचं, सेल उलटायची आणि मागच्या बाजूनं रंग भरायचे. शेवटी ही सेल जलरंगातल्या पार्श्वभूमीवर ठेवून एक फोटो. सेल बदला, पुन्हा फोटो.

इंक अँड पेंटमध्ये जवळजवळ सगळ्या तरुण मुली होत्या. त्या काळात स्टुडिओत अ‍ॅनिमेटरची जागा बायकांना सहसा मिळतच नसे, चित्रकलेचं शिक्षण असलं तरी. पण पडद्यावर जी रेघ आपल्याला दिसते ती त्यांचीच. बाह्यरेषा सरसकट काळी नाही हे पुढच्या वेळी नीट बघा. कपड्याची रेघ कपड्याच्या रंगाची आणि कातडीची रेघ कातडीच्या. हात जरा थरथरला तर पडद्यावर कडा नाचताना दिसते. हिमगौरीच्या गालांवरची लालीही हातानं लावलेली आहे. रंगाचा कडक ठिपका दिसू नये, लाली कडेला विरत जावी, आणि फ्रेम बदलली तरी ती गालावर त्याच जागी राहावी, असं ते काम. त्यात हेलन ओगर यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. श्रेयनामावलीत या मुलींपैकी कुणाचंही नाव नाही. ही गोष्ट मला दर वेळी खटकते.

जंगल इतकं खोल कसं दिसतं? तेव्हा कॉम्प्युटर तर नव्हते.

मल्टिप्लेन कॅमेऱ्यामुळे. साधारण १४ फूट उंचीचा सांगाडा, त्यात एकाखाली एक काचेचे थर आणि सगळ्यात वर खाली बघणारा कॅमेरा. जवळच्या फांद्या वरच्या काचेवर, झाडं मधल्या, आकाश तळाशी. कॅमेरा पुढे सरकला की जवळच्या फांद्या झपाट्यानं बाजूला होतात आणि दूरचं आकाश हलतही नाही. गाडीच्या खिडकीतून विजेचे खांब पळतात आणि डोंगर जागचे हलत नाहीत, तसंच. स्टुडिओनं हे यंत्र आधी १९३७ च्याच ‘द ओल्ड मिल’ या छोट्या कार्टूनमध्ये वापरून पाहिलं.

यंत्राइतकंच श्रेय रंगांना. गुस्ताफ टेंग्रेन हे स्वीडिश आणि आल्बर्ट हुर्टर हे स्विस चित्रकार युरोपातल्या जुन्या सचित्र परीकथांचं वळण घेऊन आले होते. भडक रंग सात-आठ मिनिटांच्या कार्टूनमध्ये चालतात, तासाच्या वर डोळ्यांना सोसत नाहीत. म्हणून पार्श्वभूमी मातकट, शेवाळी, लाकडी ठेवली. त्यामुळे ते सफरचंद पडद्यावर आलं की नजर दुसरीकडे जातच नाही.

सात बुटके, सगळे सारख्याच उंचीचे, दाढीवाले. तरी एकमेकांत मिसळून का जात नाहीत?

ग्रिम बंधूंच्या गोष्टीत बुटक्यांना नावंही नाहीत, स्वभावही नाहीत. ते ‘सात जण’ आहेत, बस्स. स्टुडिओनं डझनावारी नावं काढली, टाकली आणि शेवटी स्वभाव हेच नाव ठरवलं. पण नुसतं नाव ठेवून भागत नाही. प्रत्येकाची चाल वेगळी केली.

डॉक बोलताना शब्दांत अडखळतो आणि त्याचे हातही तसेच अडखळतात. ग्रम्पी खांदे वर करून, छाती पुढे काढून चालतो. बॅशफुल, म्हणजे लाजाळू, दाढीला पीळ देतो. डोपी मात्र बोलतच नाही, दाढीही नाही, सगळ्यांच्या शेवटी अंगापेक्षा मोठा झगा फरफटत येतो. एका शॉटमध्ये फ्रँक थॉमसनं त्याला पुढच्यांशी पावलं जुळवायला मध्येच एक छोटी उडी मारायला लावली. वॉल्टला ती इतकी आवडली की डोपी चालतो तिथे तिथे ती घाला असा हुकूम निघाला. बाकीच्या अ‍ॅनिमेटरांच्या डोक्याला तो ताप झाला, कारण झालेलं काम पुन्हा हातात घ्यावं लागणार होतं.

माझा सर्वांत आवडता तुकडा व्लादिमिर टिट्ला यांनी काढलेला आहे. बुटके खाणीवर निघाले आहेत, हिमगौरी एकेकाच्या टकलाचा पापा घेते. ग्रम्पी आढेवेढे घेतो, मग तीच त्याला धरून पापा घेते. तो झटकून सुटतो, तरातरा निघतो. चार पावलांवर त्याची चाल ढिली पडते, चेहऱ्यावरचं कडवटपण विरघळतं, एक उसासा सुटतो. तो वळून बघतो, ती बघतेय हे लक्षात येताच परत आठ्या घालून चालू लागतो आणि झाडावर आपटतो. काही सेकंदांचं काम. एका हट्टी म्हाताऱ्याचं मन कसं वळतं ते एकाही संवादाशिवाय समजतं.

याच्या उलट बाजूही सांगायला हवी. वॉर्ड किंबॉल यांनी बुटके सूप पितात तो प्रसंग महिनोन्‌महिने राबून काढला. चांगला झाला होता. वॉल्टनं तो अख्खा कापला, कारण तिथे गोष्ट थांबत होती. बुटके हिमगौरीसाठी पलंग बनवतात तो प्रसंगही असाच गेला. पुढच्या चित्रपटांत किंबॉल नाव काढून गेले, पण त्या दिवशी त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना कुठल्याही चित्रकाराला करता येईल.

हिमगौरी खऱ्या मुलीवरून गिरवली आहे असं ऐकलं. मग त्यात कला कसली?

संदर्भ म्हणून मार्ज बेल्चर या नृत्य शिकणाऱ्या किशोरवयीन मुलीचं चित्रीकरण केलं होतं हे खरं. पुढे ती मार्ज चॅम्पियन म्हणून नर्तकी म्हणून गाजली. पण त्या फिल्मवरून चित्रं जशीच्या तशी गिरवली तर ती मेल्यासारखी दिसतात, हे स्टुडिओला लवकरच कळलं. माणसाचं डोकं, डोळे, मान यांचं प्रमाण कार्टूनमध्ये वेगळं असतं. हॅमिल्टन लस्क आणि ग्रिम नॅटविक या दोघांनी त्या हालचालीतून काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवलं. स्कर्टचा घेर वळताना मागे कसा राहतो हे मार्जकडून आलं. घरात पाऊल टाकताना हिमगौरी कशी दबकते ते अ‍ॅनिमेटरचं.

आवाज आद्रियाना कासेलोटी यांचा. श्रेयनामावलीत तोही नाही.

मूळ गोष्ट किती बदलली?

बरीच. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मुलीचा जीव घ्यायला उठते ती सख्खी आई. पुढे १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. गोष्टीतली हिमगौरी फक्त सात वर्षांची आहे. राणी तिला मारायला तीनदा येते, आधी कमरेची नाडी आवळते, मग विषारी फणी, मग सफरचंद. जाग येते ती चुंबनानं नाही. शवपेटी नेणारे अडखळतात, हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. आणि लग्नात राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात.

चित्रपटानं तीन खेपांची एक केली आणि जोडे काढून टाकले. तीन वेळा फसणारी मुलगी पडद्यावर मूर्ख वाटली असती, तेव्हा पहिला बदल योग्यच. दुसऱ्या बदलात कड्यावरची वीज आणि वर घिरट्या घालणारी गिधाडं आली. राणीचा शेवट दिसत नाही, गिधाडं सावकाश खाली उतरताना दिसतात. जोड्यांपेक्षा ते मला जास्त भयंकर वाटतं.

वॉल्टला या गोष्टीची ओढ लागली ती पोरवयात. कॅन्सस सिटीत वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलांसाठी याच कथेवरच्या १९१६ च्या मूकपटाचा खेळ ठेवला होता, तिथे त्यानं ती पाहिली.

त्या काळी खरंच याला ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हणत होते?

हो, हॉलीवूडमध्ये तेच नाव पडलं होतं. कार्टून दीड तास कोण बघणार, हा सगळ्यांचा प्रश्न होता. खर्च अडीच लाख डॉलरच्या अंदाजावरून जवळजवळ १५ लाखांवर गेला. पैसे संपले तेव्हा अर्धवट चित्रपट, कुठे रंगीत तर कुठे नुसती पेन्सिलची रेखाटनं, बँकेच्या अधिकाऱ्याला दाखवून कर्ज मिळवावं लागलं. १९३८ मध्ये सगळीकडे लागल्यावर त्यानं कमाईचे विक्रम मोडले आणि १९३९ अखेरीस ‘गॉन विथ द विंड’ येईपर्यंत ते टिकवले. त्याच पैशातून बरबँकचा नवा स्टुडिओ उभा राहिला. १९३९ च्या ऑस्कर समारंभात वॉल्टला एक मोठी आणि सात छोट्या बाहुल्या मिळाल्या, बालकलाकार शर्ली टेंपलच्या हातून.

लहान मुलांना भीती वाटेल का?

वाटेल. हे लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये सेन्सॉरनं १९३८ मध्ये मोठ्यांसोबतच बघण्याचं ‘ए’ प्रमाणपत्र दिलं होतं.

तीन जागा लक्षात ठेवा. शिकाऱ्याच्या हातातून सुटून हिमगौरी जंगलात पळते तेव्हा फांद्यांचे हात होतात, पाण्यातल्या ओंडक्यांना जबडे फुटतात. दुसरी जागा तळघरातली. राणी काढा पिते, आधी हात वाळून काटक्यांसारखे होतात, चेहरा झग्याआड असतो आणि मग तो एकदम समोर येतो. तिसरी, कड्यावरचा पाठलाग. साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एकट्याला टीव्हीसमोर बसवू नका. शेजारी बसा आणि जंगलाचा प्रसंग मध्येच बंद करू नका. तो संपताना अंधारातले ते भेसूर डोळे ससे-हरणांचे निघतात. मध्येच बंद केलं तर मूल भीतीच बरोबर घेऊन झोपेल. पुढची दोन मिनिटं बघितली तर भीती कशी उतरते हेही त्याला बघायला मिळतं.

मुलींनी काय शिकायचं? घरकाम करायचं आणि राजपुत्राची वाट बघायची?

हा आक्षेप खरा आहे आणि ‘जुना काळ होता’ म्हणून तो झटकून टाकू नये. हिमगौरी स्वतःहून फारसं काही ठरवत नाही. झोपलेल्या मुलीचं चुंबन घेणं आज कुणालाही खटकावं. विहिरीपाशी त्यांची आधी भेट झालेली असते, गाणं झालेलं असतं, तरी खटकावंच. मला त्याहून जास्त बोचतो तो राणीचा बोलणारा आरसा. गोरेपणाचं एवढं वेड असलेल्या आपल्या घरांत, लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ लिहिणाऱ्या समाजात, ‘बर्फासारखी गोरी म्हणून सगळ्यात सुंदर’ हे वाक्य मुलीच्या कानावर पडतं तेव्हा त्यावर तिथल्या तिथे बोललं पाहिजे. ठेंगण्या माणसांना गमतीचा विषय करण्याबद्दलही बोलायला हवं.

पण एक गोष्ट हिमगौरीच्या बाजूनं. परक्या घरात शिरल्यावर ती रडत बसत नाही, सात मोठ्या पुरुषांना जेवायच्या आधी हात धुवायला बाहेर पाठवते आणि ते जातात. तिचा दरारा आहे. मुलांना हा प्रसंग बरोबर कळतो, कारण त्यांच्यावरही रोज तीच वेळ येते.

गाणी अजून का गुणगुणली जातात?

फ्रँक चर्चिल यांच्या चाली साध्या आहेत आणि प्रत्येक गाणं कामाला जुंपलेलं आहे. झाडलोट करताना एक, खाणीतून घरी परतताना एक. गाण्यासाठी गोष्ट थांबत नाही. राजपुत्राची वाट पाहण्याचं गाणं तर पुढे जॅझवाल्यांनी आपलंसं केलं. डेव्ह ब्रुबेक आणि माइल्स डेव्हिस यांनी ते वाजवलं आहे. चित्रपटाचा मूळ ध्वनिपट रेकॉर्डवर विकायला येण्याची सुरुवातही याच चित्रपटापासून झाली.

कोणती प्रत बघावी?

शक्यतो २०२३ ची ४के प्रत. यापूर्वी १९९३ मध्ये पूर्ण चित्रपट फ्रेम-फ्रेमनं कॉम्प्युटरवर घेऊन, धूळ-ओरखडे काढून परत फिल्मवर उतरवला होता. एखादा अख्खा चित्रपट असा सुधारण्याची ती पहिलीच वेळ. यूट्यूबवरच्या कापलेल्या, ताणलेल्या तुकड्यांवर मत बनवू नका. मूळ चित्र जवळजवळ चौकोनी आहे. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, ‘फुल स्क्रीन’ करून बुटक्यांना रुंद करू नका.

या परंपरेचा आपल्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो मुंबईतून जातो. आपल्याकडे सुरुवात दादासाहेब फाळक्यांनी केली. त्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. पुढे प्रभातनं ‘जंबूकाका’ हा छोटा कार्टूनपट काढला. पण शिस्तीनं अ‍ॅनिमेशन शिकवणं सुरू झालं ते १९५६ मध्ये, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेत. डिस्ने स्टुडिओत अनेक वर्षं काम केलेले, भारतात जन्मलेले क्लेअर वीक्स तिथल्या कार्टून विभागाला शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली जातककथेवरचा ‘द बन्यन डिअर’ तयार झाला. शिकणाऱ्यांत राम मोहन होते, पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे भीष्माचार्य म्हणून ओळखले गेलेले. म्हणजे पेन्सिलचाचणी, मुख्य चित्र, मधली चित्रं ही कामाची रीत हॉलीवूडमधून थेट फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडवर आली.

नवा, खऱ्या माणसांचा चित्रपट (२०२५) पाहिलाय. जुना बघायची गरज आहे का?

आहे. नव्यातले बुटके कॉम्प्युटरनं बनवले आहेत. त्यांच्या त्वचेवरचं प्रत्येक छिद्र दिसतं. जुन्यातल्या ग्रम्पीच्या चेहऱ्यावर मोजून थोड्या रेघा आहेत, आणि टिट्लांनी त्यातल्या नेमक्या दोन-तीनच हलवल्या आहेत. दोन्ही चित्रपटांतला ग्रम्पी लागोपाठ लावून बघा, आधी नवा आणि मग जुना.